तिघांचा फड आणि एकट्याचे पुस्तक

१९६९ च्या पावसाळ्यात अवघ्या अडीच महिन्यांत महाराष्ट्राने तीन माणसे गमावली. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही तिन्ही नावे एकाच व्यासपीठावर होती. परंतु मला येथे अत्र्यांविषयी बोलावयाचे नाही. उरलेल्या दोघांविषयी, आणि त्या दोघांबरोबर ज्यांचे नाव घेताना आपली जीभ नेहमी अडखळते त्या शाहीर द. ना. गव्हाणकरांविषयी बोलावयाचे आहे. अण्णा भाऊ गेले तेव्हा ते अजून एकोणपन्नास वर्षांचेही झाले नव्हते. अमर शेख बावन्न वर्षांचे होते. दोघांच्या मृत्यूत फक्त सहा आठवड्यांचे अंतर आहे. एके काळी या तिघांनी मिळून एक काम सुरू केले होते. ते काम त्यांच्या मृत्यूमुळे थांबले असे नाही. ते त्याच्या कितीतरी आधीच थांबले होते. का थांबले, आणि ते नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या साहित्याच्या इतिहासातील एक मोठी जागा मोकळीच राहते, असे मला वाटते.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. दरवर्षी वर्गात एक साधा प्रश्न विचारतो. अण्णा भाऊ साठे कोण? सगळे हात वर होतात. अमर शेख कोण? बार्शीकडची दोन-तीन मुले हात वर करतात. गव्हाणकर कोण? वर्ग गप्प असतो. या तीन उत्तरांत जे अंतर आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

१

लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. त्याच वर्षी 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ मुंबईत स्थापन झाला होता. कम्युनिस्ट पक्षाने कलेला चळवळीचे साधन म्हणून गंभीरपणे हाती घेतले होते. अशा वेळी गिरणगावातून हे कलापथक पुढे आले.

त्यात येणारी माणसे कोठून आली हे पाहिले पाहिजे. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णा भाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, आज सांगली जिल्ह्यात. जात मांग. ज्या जातीला इंग्रज सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पिढ्यान्पिढ्या हजेरीला उभे केले, ती जात. शाळा जवळजवळ नाहीच. कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कँपात राहिले. अक्षरओळख दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून पक्की झाली. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात वावरून फडाचे शिक्षण झाले. हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीपेक्षा कमी प्रतीचे नव्हते, हे पुढे सिद्ध झाले.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. बार्शी हे आमच्या जिल्ह्यातले बाजारपेठेचे आणि गिरण्यांचे गाव. याच बार्शीत मे १९२४ मध्ये बहिष्कृतांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तेथे आले होते. मेहबूब तेव्हा सात वर्षांचा मुलगा होता. आई मुनेरबी यांच्या तोंडची लोकगीते हे त्याचे पहिले धन. पुढे बार्शीच्याच गिरणीत काम, गिरणीच्या संपात भाग, तुरुंग, आणि तुरुंगात कम्युनिस्ट विचारांची ओळख, असा त्यांचा प्रवास झाला. कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत काही काळ काढल्यानंतर ते मुंबईला आले आणि 'अमर शेख' या नावाने उभे राहिले.

तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर. लिहिणारेही आणि गाणारेही. आपल्याकडील बहुतेक लेखांत त्यांचे नाव 'आणि' या शब्दानंतर येते व वाक्य तेथेच संपते. या लेखातही त्यांच्याविषयीचा मजकूर इतर दोघांच्या मानाने थोडाच आहे, हे वाचकाने पाहून ठेवावे. ही उणीव त्यांच्या कर्तृत्वाची नाही. आपण काय जपले आणि काय जपले नाही, याची ती नोंद आहे.

एक मांग, एक मुसलमान, एक गव्हाणकर. तिघेही मुंबईच्या कामगारवस्तीत घडलेले, तिघांचाही दिवस पक्षाच्या कामात जाणारा. त्या वेळी त्यांना कोणी जातीच्या क्रमाने मोजले नसेल. आज आपण मोजतो. त्याकडे पुढे येतो.

२

या कलापथकाने काय केले ते समजण्यासाठी जुना तमाशा कसा चालतो हे आठवावे लागेल. आधी गण. त्यात गणपतीला वंदन. मग गवळण. कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी. मग लावण्या, बतावणी, आणि शेवटी वग, म्हणजे कथानक. हे कथानक बहुधा राजाराणीचे असे. ही कला जगविली कोणी? महार, मांग, कोल्हाटी यांनी. पांढरपेशा समाजाने ती रात्री पाहिली आणि सकाळी तिला नावे ठेवली.

अण्णा भाऊंनी हा सांगाडा मोडला नाही. त्यातील देवता बदलल्या. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आली, कामगार आला, हुतात्मे आले. गवळण त्यांनी काढून टाकली. वगातला राजा जाऊन तेथे शेटजी, सावकार, पुढारी आणि मंत्री आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचं इलेक्शन', 'मुंबई कोणाची' ही नावे पाहिली तरी दिशा कळते. सोंगाड्या मात्र त्यांनी ठेवला. यात त्यांची खरी जाण दिसते. तमाशात राजाच्या तोंडावर राजाची फजिती करण्याचा परवाना एकट्या सोंगाड्याला असतो. राजा बदलला तरी हा परवाना रद्द होत नाही. शेतात राबणारा अडाणी गडी सावकाराला उलटसुलट प्रश्न विचारून निरुत्तर करतो, तेव्हा मैदानात बसलेला माणूस नुसता हसत नाही. त्याला एक युक्ती सापडते. उद्या मुकादमासमोर काय बोलावे हे त्याला आज रात्री फडात कळते.

पोवाड्याचेही असेच. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. मागे झीलकरी तुणतुणे आणि झांज घेऊन उभे. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि तेवढ्यात शाहीर दम घेऊन पुढची ओळ तयार ठेवतो. म्हणजे पोवाडा ही मुळातच एकट्याची कला नाही. झीलकऱ्याने ओळ उचलली नाही तर शाहिराचा श्वास तुटतो. शिवरायांच्या पराक्रमाचे हे रूप घेऊन अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, बंगालच्या दुष्काळाची हाक लिहिली, अमळनेरच्या गोळीबारात पडलेल्या कामगारांचा पोवाडा लिहिला. वाटेगावचा माणूस व्होल्गाकाठच्या शहराचे गाणे लिहितो आणि परळच्या चाळीतला माणूस ते ऐकून मूठ आवळतो, ही गोष्ट आज वाटते तितकी सोपी नव्हती.

आता मुख्य मुद्दा. हे काम विभागलेले होते आणि तरीही एक होते. लेखणी मुख्यतः अण्णा भाऊंची. गळा मुख्यतः अमर शेखांचा. परंतु लिहिणाऱ्याला आपला गाणारा ठाऊक असतो तेव्हा तो वेगळे लिहितो. कोणत्या अक्षरावर आवाज चढेल, कोठे थांबले की मैदान टाळी देईल, कोठे हलगी किंवा ढोलकी शब्दाला खाऊन टाकील, हे त्याला लिहितानाच ऐकू येते. उलट गाणाऱ्याला लिहिणारा ठाऊक असतो तेव्हा तो एखादी ओळ तीनदा म्हणतो, एखादी गाळतो, एखादी तिथल्या तिथे बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी लिहिणारा ते वहीत दुरुस्त करतो. अशा कामात 'हे माझे' आणि 'ते तुझे' यांमधली रेघ पुसट होत जाते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गावोगाव गेली. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार, गावी राहिलेली त्याची बायको, आणि त्या विरहातून हळूच उलगडणारा महाराष्ट्राचा विरह, म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव. शृंगाराच्या छक्कडीत नकाशा बसविणे हे अण्णा भाऊंचे काम. हजारोंच्या मैदानात तो नकाशा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविणे हे अमर शेखांच्या पहाडी आवाजाचे काम. ही छक्कड पुस्तकात छापली की खाली एकच नाव येते. ते चूक नाही. परंतु ते पुरेसेही नाही.

३

मग हे काम थांबले का?

पहिले कारण सरकार. स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९४८ पासून, कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली. लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तेव्हा 'तमाशा' हा शब्द टाकून 'लोकनाट्य' हा शब्द पुढे आला, असे सांगितले जाते. पुढे हाच शब्द पांढरपेशा रंगभूमीने उचलला. त्यावर नाटके झाली, पारितोषिके मिळाली, आणि ज्यांनी बंदीच्या काळात तो शब्द ढालीसारखा वापरला त्यांचे नाव मागे पडले.

दुसरे कारण पक्ष. पक्षाने या माणसांना उभे केले ही गोष्ट नाकारता येणार नाही. अण्णा भाऊंसारख्या शाळा न पाहिलेल्या माणसाला १९४९ मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात इप्टाचे अखिल भारतीय अध्यक्षपद मिळते, हे त्या काळच्या कोणत्याही साहित्यसंस्थेत घडले नसते. परंतु पक्षाची भूमिका बदलली की कलापथकाचे दिवसही बदलत. १९४८ मध्ये पक्षाचे नेतृत्व आणि धोरण बदलले, सांस्कृतिक आघाडीचे पूर्वीचे महत्त्व ओसरले. चळवळ कलेला रस्ता देते, तशी कधी कधी रस्त्याच्या मध्येच सोडूनही जाते.

तिसरे कारण पोट. फडाचा हिशेब सोपा नसतो. मैदानात टाळ्या मिळतात, बिदागी मिळेलच असे नाही. पुस्तकाला थोडे का होईना मानधन असते. अण्णा भाऊ हळूहळू कथा-कादंबरीकडे वळले. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. 'फकिरा' १९५९ मध्ये आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. काहींवर चित्रपट निघाले. अमर शेखांनी स्वतःचे वेगळे कलापथक काढले, 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह प्रसिद्ध केले, अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या १९५४ च्या चित्रपटात दिसले. दोघांनीही स्वतंत्रपणे मोठे काम केले. परंतु एकट्याने लिहिलेल्या कादंबरीला झीलकरी लागत नाही, आणि दुसऱ्याच्या शब्दांवर अवलंबून नसलेल्या गायकाला रोजचा लेखक लागत नाही. कोणी कोणाशी भांडला म्हणून हे झाले, अशा गोष्टी सांगणारे खूप आहेत. मला त्या गोष्टींत रस नाही. तिघांना एकत्र ठेवील अशी व्यवस्था बाहेर उरली नव्हती, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

१९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने ते पुन्हा एका व्यासपीठावर आले. ती वर्षे म्हणजे या फडाचा दुसरा बहर. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. लढा जिंकला आणि व्यासपीठ मोडले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. म्हणजे त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातील मागणीही अपुरीच राहिली. मैना अजून गावावरच आहे.

४

या अपुऱ्या कामाला आणखी एक बाजू आहे, आणि आपल्या चळवळीच्या वाचकांनी ती अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. ज्या मुंबईत लाल बावटा कलापथक गात होते, त्याच मुंबईत, काही वेळा त्याच चाळींच्या पटांगणात, आंबेडकरी जलसेही होत होते. सत्यशोधकी जलशाची परंपरा घेऊन भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला होता. तेथेही गणातला गणपती गेला होता. तेथेही गवळणीची थट्टा होत होती. तेथेही तमाशाचा सांगाडा घेऊन नवा माणूस घडविला जात होता. दोन्ही फडांचे कलावंत एकाच वस्तीतले, ऐकणारे एकच, वाद्येही तीच. परंतु दोन्ही फड एकत्र उभे राहिले नाहीत.

त्याला राजकीय कारणे होती आणि ती क्षुल्लक नव्हती. कम्युनिस्टांनी जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात विरून जाईल असे मानले. गिरणीतल्या साचाखात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई, हा प्रश्न बाबासाहेबांनी रोखठोक मांडला होता. त्याचे समाधानकारक उत्तर लाल बावट्याकडून आले नाही. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केला होता. महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी धडपडणारे रा. भि. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, तरी त्यांनी बाबासाहेबांशी नाते तोडले नाही. म्हणजे वाट नव्हती असे नाही. वाट अरुंद होती.

अण्णा भाऊ त्या अरुंद वाटेवर उशिरा पण ठामपणे आलेले दिसतात. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वीचा भार पुराणातल्या शेषाने पेललेला नाही, तो दलितांनी आणि कष्टकऱ्यांनी पेलला आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढच्या वर्षी आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या माणसाचे तारुण्य लाल झेंड्याखाली गेले, त्याने आपली सर्वांत मोठी कादंबरी तेथे नेऊन ठेवली. ही अर्पणपत्रिका मला दोन फडांमधल्या न झालेल्या भेटीची पावती वाटते. परंतु तोपर्यंत कलापथक उरले नव्हते. भेट झाली ती कागदावर झाली, मैदानात झाली नाही.

पुढची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या मित्रांनी दलित पँथर उभी केली. कवितेतून आणि लिट्ल मॅगझिनमधून एकत्र आलेली ही पोरे होती. दोनच वर्षांत फूट पडली, आणि वादाचा विषय पुन्हा तोच होता: वर्ग की जात, मार्क्स की बुद्ध. १९७७ मध्ये ढाल्यांनी पँथरच्या बरखास्तीची घोषणा केली. नामदेव ढसाळांची पत्नी मल्लिका या अमर शेखांच्या कन्या, स्वतः मोठ्या कवयित्री. एका पिढीत जो वाद कलापथकांना एकत्र येऊ देत नव्हता, तो दुसऱ्या पिढीत मित्रांना एकत्र राहू देत नव्हता. घरे जोडली गेली, फड जोडले गेले नाहीत.

५

आता आपण काय करतो ते पाहू. २००२ मध्ये अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. याचा आनंद मला पोटातून झाला. ज्यांना जिवंतपणी चिरागनगरच्या झोपडीत राहावे लागले, त्यांना मिळालेला हा मान आहे. सोलापुरात १ ऑगस्टला निघणाऱ्या मिरवणुकीत मी लहानपणापासून नाचलो आहे. परंतु त्या मिरवणुकीत अमर शेखांचे चित्र मी कधी पाहिले नाही. मुस्लिम मोहल्ल्यात त्यांच्या जयंतीची कमान पाहिली नाही. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे ही चांगली गोष्ट आहे, पण अध्यासनाला वस्ती नसते. आणि गव्हाणकरांना तर मिरवणूकही नाही आणि अध्यासनही नाही.

आपण आपापल्या जातीचा महापुरुष उचलतो आणि खांद्यावर घेतो. ज्यांना शतकानुशतके कोणी खांद्यावर घेतले नाही, त्यांनी हे करणे स्वाभाविक आहे. याला सरसकट संकुचितपणा म्हणणाऱ्या पांढरपेशा टीकाकारांशी मी सहमत नाही. परंतु तिघांचे काम तीन जातींत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येत नाही. काम नाहीसे होते आणि हाती फक्त नाव उरते.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे असे कोणी समजू नये. माझीच एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे.

महाविद्यालयात असताना मी आणि माझा एक मित्र वग लिहीत होतो. माझी आई बिड्या वळायची. वडील गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले होते. मित्र स्वतःच टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरून शिकत होता. वगाचे नाव आम्ही 'छाट' ठेवले होते. बिड्या कारखान्यात मोजून देताना ज्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतात आणि ज्यांचे पैसे बाईला मिळत नाहीत, त्या छाट. शब्द मी लिहायचो. चाली तो लावायचा. तो पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचा आणि माझी ओळ म्हणून दाखवायचा, आणि त्याच्या तोंडून ऐकले की मला कळायचे की ओळीत दोन शब्द जास्त आहेत. साठ पाने झाली. तीन गाणी पूर्ण झाली. मग त्याच्या घरचे कर्ज वाढले, तो शिक्षण सोडून भिवंडीला गेला. मी पदवी घेतली, पुढची परीक्षा दिली, नोकरीला लागलो. वही माझ्याकडे राहिली.

काही वर्षांनी एका अंकासाठी कविता मागितल्या गेल्या. मी त्या वहीतली तीन गाणी कविता म्हणून दिली. खाली माझे नाव आले. मला त्यात काही गैर वाटले नाही, कारण शब्द माझेच होते. अंक कोणीतरी त्याला दाखविला. तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "शब्द तू लिहिलास, खरं हाय. पण चाल कुणाची बे?" मी म्हणालो, चाल छापता येत नाही. तो म्हणाला, "म्हणून ती नव्हतीच व्हय?"

त्यानंतर आम्ही वगाविषयी बोललो नाही. मैत्री तुटली नाही. तो येतो, आई त्याला जेवायला वाढते. पण वही मध्ये पडून राहिली आहे आणि आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत नाही.

मी पुढे लाल बावटा कलापथकाचा अभ्यास करू लागलो तो या प्रश्नामुळे. छापखाना शब्द ठेवतो आणि आवाज सोडून देतो. ज्याच्याकडे वही राहते त्याचा इतिहास होतो. आमच्या बाबतीत पदवी मिळालेल्याकडे वही राहिली. अण्णा भाऊंच्या बाबतीत पदवीचा प्रश्न नव्हता, पण पुस्तक आणि मैदान यांच्यातील तोच फरक त्यांच्या मित्रांना भोवला. आणि हे सांगताना लाज वाटते की, ज्या समाजाचे सारे ज्ञान हजारो वर्षे तोंडात आणि हातात राहिले, कागदावर येऊ दिले गेले नाही, त्या समाजातला पहिला पदवीधर होऊन मी तोच नियम माझ्या मित्राला लावला.

६

अपुरे काम म्हणजे वाया गेलेले काम नव्हे. लाल बावटा कलापथकाने जे सुरू केले ते आजच्या भीमगीतांच्या गायन पार्ट्यांत, कामगारांच्या पथनाट्यांत, तरुण शाहिरांच्या डफात चालू आहे. परंतु त्या कामाचा हिशेब आपण नीट ठेवलेला नाही. तो ठेवायचा तर काही साध्या गोष्टी करता येतील.

या तिघांचे लेखन एकत्र वाचले पाहिजे. अण्णा भाऊंचे समग्र वाङ्मय एका बाजूला, अमर शेखांचे संग्रह दुसऱ्या बाजूला आणि गव्हाणकर कोठेच नाहीत, ही मांडणी बदलली पाहिजे. लोकनाट्य शिकविताना केवळ संहिता न शिकविता तिचा फड शिकविला पाहिजे: कोणी लिहिले, कोणी म्हटले, मागे झील कोणी धरली. बार्शी, सोलापूर, गिरणगाव येथे या शाहिरांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता फार थोडी आहेत. त्यांच्या तोंडी ज्या चाली उरल्या असतील त्या ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे विद्यार्थ्यांना सहज जमेल असे काम आहे. आज प्रत्येकाच्या खिशात त्यासाठी लागणारे यंत्र आहे. आणि जेथे जेथे दोघांनी मिळून केलेले काम छापले जाते, तेथे दोन्ही नावे आली पाहिजेत. चाल छापता येत नाही हे खरे. चाल लावणाऱ्याचे नाव छापता येते.

सुरुवात म्हणून मी माझ्यापुरते एक केले. ज्या अंकात ती तीन गाणी आली होती त्यांना दुरुस्ती पाठविली, आणि मित्राला फोन केला. वगाचे शब्द त्याला फारसे आठवत नव्हते. दुसऱ्या गाण्याची चाल मात्र त्याने फोनवरच गुणगुणली, मागे मागांचा खडखडाट चालू असताना. मला ते शब्द पाठ होते, पण चाल मी पार विसरलो होतो. म्हणजे त्या गाण्याचा अर्धा भाग एवढी वर्षे भिवंडीत होता.

वग पूर्ण होईल की नाही हे मला सांगता येणार नाही. येत्या दिवाळीला तो आला की वही बाहेर काढावी, असे मात्र ठरविले आहे.